गाडीच्या काचांसाठी सुरक्षा-फिल्मची निवड : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

कामाची व्याप्ती सुरुवातीलाच ठरवून घेत आहे. उभी करून ठेवलेल्या किंवा सिग्नलला थांबलेल्या गाडीची काच फोडून आतली पिशवी, पर्स किंवा लॅपटॉप उचलून पळ काढणे, एवढ्या एकाच प्रकारच्या चोरीचा येथे विचार करायचा आहे. गाडीच पळवून नेणे, कुलूप उघडणे, किल्लीची नक्कल करणे हे वेगळे विषय असून काचेवरच्या फिल्मचा त्यांच्याशी काही संबंध नाही. काच फोडून माल उचलणाऱ्याचे सारे गणित वेळेवर चालते. एका घावात काच खाली यावी, हात आत जावा आणि कोणी मान वळवून पाहण्याआधी आपण दिसेनासे व्हावे, अशी त्याची अपेक्षा असते. फिल्मने काच अभेद्य होईल असे मी धरलेले नाही. त्या एका घावाच्या जागी बरेच घाव घालावे लागले आणि त्या गोंगाटात चोराला थांबणे परवडेनासे झाले, तर फिल्मने आपले काम केले असे मी मानीन.

आसनावर काही दिसू न देणे हा बिनखर्ची उपाय अर्थातच याच्याही आधीचा आहे. मात्र सामान डिकीत टाकायचे ते मुक्कामी पोहोचण्यापूर्वी. गाडी लावल्यावर चारचौघांदेखत डिकी उघडून बॅग आत ठेवणे म्हणजे ती कुठे आहे हे स्वतःच सांगणे होय.

९ जानेवारी

गाडीच्या सर्व काचांची पाहणी केली. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात छापलेला शिक्का असतो आणि बहुतेक वेळा त्यावरून काच लॅमिनेटेड आहे की टेम्पर्ड हे कळते. शिक्का पुसट असेल तर काच अर्धी खाली करून तिच्या वरच्या कडेवर टॉर्चचा प्रकाश टाकावा. टेम्पर्ड काचेची कड एकसंध हिरवट दिसते, तर लॅमिनेटेड काचेच्या कडेत मधोमध एक बारीक रेघ दिसते. समोरची काच अपेक्षेप्रमाणे लॅमिनेटेड आहे, म्हणजे दोन काचांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरालचा साधारण ०.७६ मिलिमीटरचा थर बसवलेला आहे. चारही दारांच्या काचा, मागच्या दारांलगतच्या स्थिर तिकोनी काचा आणि मागची मोठी काच या सर्व टेम्पर्ड आहेत. अलीकडच्या काही गाड्यांत पुढच्या दारांनाही लॅमिनेटेड काचा येतात. अशा काचेवर फिल्मचा खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा, कारण फिल्मचे निम्मे काम तिच्या पोटातला थरच करत असतो.

टेम्पर्ड काच फुटते कशी हे समजल्याशिवाय फिल्मची निवड करता येणार नाही. ही काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी एकदम थंड करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा मागाहून आकसतो, आणि त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली व गाभा कायमचा ताणाखाली राहतो. दाबाखालचा हा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या सुमारे एक-पंचमांश असतो. साध्या काचेच्या चार-पाच पट मार ही काच सोसते, म्हणून कोपर किंवा वीट तिच्यावरून परतूही शकते. पण एखादे टोक हा दाबाचा थर भेदून गाभ्यापर्यंत पोहोचले की साठलेला सारा ताण एका क्षणात मोकळा होतो आणि काचेचा बारीक चुरा होतो. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीचा लहानसा तुकडा चोर खिशात बाळगतात तो याचसाठी. ती माती म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड. मोह्जच्या मापनश्रेणीत तिचा कठीणपणा ९ च्या आसपास, आणि काचेचा ६ च्या आतबाहेर. हातोडीने जे जमत नाही ते हलक्या हाताने भिरकावलेली ही खपली साधते. थोडक्यात, काच फुटू न देणे आपल्या हाती नाही. फुटलेली काच जागेवर धरून ठेवणे तेवढे आहे.

१४ जानेवारी

फिल्मचे नमुने मागवून तपासले. सर्वांचा पाया पॉलिएस्टरचा असून त्यावर दाबाने चिकटणाऱ्या अॅक्रिलिक गोंदाचा थर असतो. जाडी काही जण मायक्रॉनमध्ये सांगतात, काही मिलमध्ये. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, अर्थात २५.४ मायक्रॉन, म्हणून बाजारात ‘चार मिल’ म्हणजे सुमारे १०० मायक्रॉन आणि ‘आठ मिल’ म्हणजे सुमारे २०० मायक्रॉन. नुसत्या सावलीसाठी लावतात ती फिल्म यापेक्षा बरीच पातळ, ४०-५० मायक्रॉनची असते. तिच्यामुळे चुरा अंगावर उडत नाही हे खरे, पण हात आत जायला ती फारसा अडथळा करत नाही. सांगितलेली जाडी गोंदासकट आहे की गोंदाशिवाय, हे विचारून घेणे आवश्यक आहे. विचारल्यावर दोन नमुन्यांचे आकडे उतरले.

ताकदीचा ढोबळ हिशेब असा मांडला. दोन्ही दिशांना ताणून बनवलेल्या पॉलिएस्टरची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला सुमारे १७५ न्यूटन धरली, तर १०० मायक्रॉन जाडीची एक सेंटिमीटर रुंद पट्टी ओढून तोडायला १७५ न्यूटन, म्हणजे जवळजवळ १८ किलो वजनाइतका जोर लागेल. २०० मायक्रॉनला त्याच्या दुप्पट. आकडा भरघोस दिसतो. पण फुटलेल्या काचेवरची फिल्म अशी सरळ ओढून तुटत नाही. काचेच्या कणाने तिला आधी बारीकशी चीर पडते आणि मग ती फाटत जाते. म्हणून सारख्याच जाडीच्या दोन नमुन्यांच्या कडेला ब्लेडने छोटी खाच दिली आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढले. एकाच थराचा नमुना खाचेपासून सरळ रेषेत चरचर फाटत गेला. पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या नमुन्यात चीर काही अंतर गेली, टोकाशी फिल्म पांढुरकी पडून ताणली, आणि पुढे न्यायला पुन्हा नव्याने जोर लावावा लागला. एकथरी नमुने येथेच बाद केले.

२१ जानेवारी

प्रमाणपत्रे वाचली. विक्रेते सर्वाधिक दाखवतात ती ‘ईएन ३५६’ या युरोपीय मानकाची. त्यात ११०० × ९०० मिलिमीटरचा नमुना चारही बाजूंनी चौकटीत आवळून आडवा ठेवतात आणि ४.११ किलो वजनाचा, १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा त्यावर तीन ठिकाणी सोडतात. पी१ए या वर्गासाठी उंची दीड मीटर असते, पी२ए साठी तीन मीटर. ऊर्जेत सांगायचे तर दर आघाताला अनुक्रमे सुमारे ६० आणि १२० जूल. पुढे याच मानकात कुऱ्हाडीच्या घावांची कसोटी आहे, पण गाडीच्या फिल्मचा तिथवर पोहोचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रमाणपत्र काच आणि फिल्म या जोडीला मिळते, एकट्या फिल्मला नाही, ही गोष्ट जाहिरातीतून नेमकी गळते. चाचणीतली काच पुष्कळदा साधी असते. साधी काच मोठ्या, टोकदार तुकड्यांत फुटते आणि ते तुकडे एकमेकांत अडकून राहिल्याने फिल्म लावलेले पान फुटल्यावरही बऱ्यापैकी ताठ उभे राहते. टेम्पर्ड काचेचे बारीक दाणे होतात आणि दाण्यांसकट ती फिल्म ओल्या गोधडीसारखी लोंबू लागते. शिवाय चाचणीच्या नमुन्याला चारही बाजूंनी आवळलेली चौकट असते. दाराच्या काचेला मात्र बाजूंना आणि वर नुसती रबरी चॅनेल असते आणि खालची कड दाराच्या पोटात उचलणीच्या यंत्रणेवर टेकलेली असते. तेव्हा पी२ए हा शिक्का फिल्मच्या दर्जाचा पुरावा म्हणून घ्यावा, आपल्या दाराची हमी म्हणून नाही.

एका विक्रेत्याने ‘ईएन १२६००’ चे प्रमाणपत्र पुढे केले. त्यात ५० किलोचा, दोन टायर लावलेला लंबक काचेवर आदळवतात. माणूस काचेवर आपटला तर त्याला इजा किती होईल हे पाहणारी ती कसोटी आहे आणि चोरीशी तिचा दुरूनही संबंध नाही. फिल्मने काच ‘बुलेटप्रूफ’ होते असे म्हणणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवले.

२८ जानेवारी

भंगारातून एकाच प्रकारची दोन जुनी दारे काचेसह, चॅनेलसह मिळवली आणि दोन्हींवर आज फिल्म लावून घेतली. पहिल्या दाराला २०० मायक्रॉनची फिल्म, नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे काचेचा जेवढा भाग बाहेरून दिसतो तेवढ्यावरच. दुसऱ्या दाराला १०० मायक्रॉनची बहुथरी फिल्म, पण रबर काढून बाजूच्या कडा चॅनेलच्या आतपर्यंत आणि खालची कड दाराच्या पट्टीच्याही खाली उतरवून. गोंद पूर्ण पिकायला जाड फिल्मला महिना किंवा अधिक लागतो आणि थंडीत तो काळ वाढतो. तोपर्यंत या दारांना हात लावायचा नाही.

४ फेब्रुवारी

दरम्यान प्रकाशाचा प्रश्न हाताळला. पुढच्या दारांच्या काचांमधून किमान ७० टक्के प्रकाश आत यावा, अशी अट अनेक देशांच्या नियमांत आहे. काही ठिकाणी कारखान्यातून आलेल्या काचेवर मागाहून काहीही चिकटवायलाच मनाई असते. नियम आपल्या ठिकाणचा वाचावा आणि तो पैसे देण्यापूर्वी वाचावा.

माझ्या गाडीच्या पुढच्या दाराची नुसती काच मीटरवर ७८ टक्के दाखवते. पारदर्शक सुरक्षा-फिल्मच्या तक्त्यात ८९ टक्के छापले आहे. गुणाकार ६९.४ येतो, म्हणजे पूर्ण पारदर्शक फिल्म लावूनही अट हुकते. हा गुणाकार थोडा कडक आहे, कारण तक्त्यातला आकडा पुष्कळदा पातळ काचेवर लावलेल्या फिल्मचा असतो आणि काचेच्या पृष्ठभागावरून परत जाणारा प्रकाश त्यामुळे दोनदा वजा होतो. खात्रीसाठी नमुन्याचा तुकडा पाण्याने काचेवर बसवून मीटर लावला, तेव्हा आकडा सत्तरच्या किंचित वर आला. निसटता का होईना, बसतो. पण रंगाची अगदी पुसट छटा असलेली फिल्मही पुढच्या दारांना चालणार नाही हे यातून पक्के झाले.

मागच्या दारांना गडद फिल्म लावली तर आतले सामान दिसणार नाही, हा युक्तिवाद वजनदार आहे. तरी रात्री गाडी मागे घेताना लागणारी नजर आणि आत कोणी शिरले असल्यास ते बाहेरून दिसणे, या दोन गोष्टी मला अधिक मोलाच्या वाटतात. सगळीकडे पारदर्शकच घ्यायची. धातूचा मुलामा असलेली फिल्म वगळली. ती मोबाइल, जीपीएस आणि काचेआडून वाचल्या जाणाऱ्या टॅगच्या लहरींना अडथळा करते.

१२ फेब्रुवारी

सरकणाऱ्या काचेला जाड फिल्म का जाचते ते पाहिले. दाराच्या वरच्या पट्टीशी आतल्या बाजूला लवदार रबर असते आणि काच वर-खाली होताना दर वेळी ते फिल्मवर घासते. फिल्मची कड तिथेच संपत असेल, तर रबर रोज तिला थोडे थोडे उकलत राहते. बाजूच्या चॅनेलमध्ये २०० मायक्रॉनची भर पडली की काच जड चालते. बोट अडकल्यास काच आपोआप उलटी फिरवणारी सोय ज्या गाडीत असते, तिथे हा वाढलेला विरोध अडथळाच समजला जाऊन काच मध्येच खाली येऊ शकते. तिसरी अडचण वक्रतेची. काच दोन्ही दिशांना किंचित फुगीर असते, फिल्म सपाट असते, आणि हीट गनने तिला आकसवून त्या फुगवट्यावर बसवावे लागते. पातळ फिल्म ऐकते. जाडीच्या कडांना चुण्या राहतात. स्थिर तिकोनी काचांना यांपैकी पहिल्या दोन्ही अडचणी नाहीत.

१५ मार्च

भंगारातल्या दारांची चाचणी घेतली. डोळ्यांवर चष्मा, हातांत जाड हातमोजे, जमिनीवर ताडपत्री अशी तयारी केली होती.

चिनी मातीच्या खपलीने दोन्ही काचा लगेच फुटल्या, पण एरवी कोसळणाऱ्या चुऱ्याचा जो खळखळाट होतो तो झाला नाही. काच एकदम पांढरी पडली आणि जागेवर उभी राहिली. यानंतर दोन्ही दारांचे वागणे वेगळे झाले. २०० मायक्रॉनच्या फिल्मला हातोडीने भोकसुद्धा धड पडेना. मात्र दोन्ही तळव्यांनी वरच्या कोपऱ्याशी रेटा दिला तेव्हा काही सेकंदांत अख्खे पान दुमडून दाराच्या आत गेले, फिल्म कुठेही न फाटता. वाकून पाहिल्यावर कारण दिसले. फिल्मच्या कडेपासून चॅनेलपर्यंत काही मिलिमीटरची पट्टी उघडी राहिली होती आणि चॅनेलने धरलेली काच नेमकी तीच होती. काच फुटताच त्या पट्टीचे दाणे गळून गेले, आणि मग इतक्या मजबूत फिल्मला धरून ठेवणारे काहीच उरले नाही.

१०० मायक्रॉनच्या दारात हातोडीने भोक पडले, पण ते हातोडीच्या तोंडाएवढेच होते आणि त्यातून मूठ जाईना. ते मोठे करायला फिल्म कातरत न्यावी लागली. रेटा दिला तेव्हा पान आत फुगले, एका बाजूने थोडे निसटले. खालची कड मात्र अखेरपर्यंत सुटली नाही. पहिल्या दाराला लागला त्याच्या कित्येक पट वेळ इथे गेला आणि त्या प्रत्येक घावाचा आवाज आवारभर ऐकू गेला.

निवड यातून जवळपास झालीच. सरकणाऱ्या काचांसाठी जाडीपेक्षा कड महत्त्वाची, आणि चॅनेलच्या आत जाऊ शकेल अशी फिल्म पातळच असावी लागते. चारही दारांना १०० मायक्रॉनची बहुथरी फिल्म. तिकोनी काचा पक्क्या चिकटवलेल्या असल्याने तिथे २०० मायक्रॉन. ती कडेच्या काळ्या पट्ट्यावरही चढवून घ्यायची.

२० मार्च

जी फिल्म चोराला बाहेर ठेवते ती अपघातात आतल्या माणसालाही अडवते. अमेरिकेतील ‘एएए’ या मोटारचालकांच्या संघटनेने २०१९ साली काच फोडण्याच्या सहा साधनांची चाचणी घेतली होती. त्यांपैकी चार साधनांनी टेम्पर्ड काच फोडली, लॅमिनेटेड काच एकालाही फोडता आली नाही. फिल्म लावलेली टेम्पर्ड काच या दोहोंच्या मधली. ती फुटेल, पण वाट मोकळी होणार नाही.

म्हणून मागची मोठी काच फिल्मशिवाय ठेवायचे ठरवले. तिथे दुसरेही कारण आहे : बाष्प घालवणाऱ्या तारा तिच्या आतल्या पृष्ठभागावर छापलेल्या आहेत, आणि पुढे कधी फिल्म काढायची वेळ आली तर गोंदाबरोबर त्या उखडण्याचा धोका असतो. त्या काचेतून चोरही आत येऊ शकतो हे मान्य आहे. पण तिच्यामागे सामानावरचे आच्छादन आहे आणि तिथून पुढच्या आसनापर्यंत हात पोहोचत नाही. पट्टा कापायची सुरी आणि टोकदार हातोडी चालकाच्या हाताशी लागेल अशी बसवली असून, संकटात दारांच्या काचांवर वेळ न घालवता आधी दार उघडून पाहावे आणि ते न उघडल्यास मागच्या काचेकडे जावे, हे घरातल्या सर्वांना आसनांवरून मागे सरकायला लावून दाखवले आहे.

२७ मार्च

फिल्म बसवली. कारागिरांना कडांविषयी आधीच स्पष्ट सांगितले होते. ‘‘रबर काढायचं म्हणजे काम वाढतं, साहेब, म्हणून कोणी करून मागत नाही,’’ एवढेच ते म्हणाले, आणि मग काम अतिशय निगुतीने केले. फिल्म आधी काचेच्या बाहेरच्या अंगावर अंथरून हीट गनने आकार दिला, नंतर आतली बाजू पाते फिरवून खरवडून काढली, लहान मुलांच्या शाम्पूचे थेंब टाकलेले पाणी फवारले आणि कडक रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी ओढून काढले. वरच्या कडेशी जेमतेम मिलिमीटरभर जागा सोडली. खालची कड दाराच्या पट्टीखाली उतरवताना काच पूर्ण वर घेऊन लवदार रबर सैल करावे लागले. बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते.

२ एप्रिल

काचा अजून खाली केलेल्या नाहीत. मागच्या उजव्या काचेत पाण्याचे बारीक फुगे आणि किंचित धुरकटपणा आहे. पाणी फिल्ममधून हळूहळू उडून जाते, म्हणून सुई मारण्याचा मोह टाळायचा.

१० मे

फुगे गेले, धुरकटपणाही गेला. पुढच्या डाव्या दाराची काच पहिल्यांदा वर घेताना मध्येच थांबून खाली आली. गाडीच्या माहितीपुस्तकातल्या पद्धतीने काचेची वरची हद्द यंत्रणेला पुन्हा शिकवल्यावर ती नीट चालू लागली. मागच्या डाव्या दारात वरच्या कोपऱ्याशी नखाएवढी कड उचलली गेली आहे. तिच्याखाली धूळ शिरलेली नाही, त्यामुळे कारागिरांनी तेवढा कोपरा गोल कापून पुन्हा दाबून बसवला. काचा पुसायला मऊ कापड आणि साबणाचे पाणी वापरायचे, अमोनिया असलेला फवारा आणि खरखरीत स्पंज वापरायचा नाही. फिल्म लावल्याचा स्टिकर बाहेरून चिकटवण्याची सूचना कारागिरांनी केली होती. तो वाचून एखादा चोर पुढच्या गाडीकडे वळेलही, पण आत जपण्याजोगे काही आहे असाही त्याचा अर्थ निघतो. स्टिकर लावलेला नाही. मागच्या डाव्या दाराचा कोपरा पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायचा आणि तोवर ती काच शक्यतो बंदच ठेवायची.